पाइकवाले डॉक्टर

पाण्याखाली जाणाऱ्या प्रत्येक माणसाला गप्पांत मिरवायला एक जनावर लागतं. मालदीवला जाऊन आलेला मँटा रे मिरवतो, तांबड्या समुद्रातून आलेला शार्क मिरवतो आणि तारकर्लीला आयुष्यातली पहिली डुबकी मारून आलेला मुलगाही चार रंगीत मासे वर्षभर पुरवून पुरवून सांगतो. या पंगतीत एक माणूस असा असतो, की जो सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतो आणि शेवटी म्हणतो, "ते ठीक आहे हो. पण तुम्ही पाइक बघितलाय का?"

हा पाइकवाला. युरोपात जिथे जिथे थंड, गोडं आणि हिरवट पाणी आहे, तिथे तिथे तो आढळतो. स्वित्झर्लंडच्या सरोवरांत, जर्मनीतल्या वाळू उपसून झालेल्या तळ्यांत, इंग्लंडातल्या बुडालेल्या खाणींत. वय पन्नाशीपुढे, गुडघे कुरकुरणारे, गाडीच्या डिकीला कायम ओल्या रबराचा वास. माझ्या ओळखीतला सर्वांत अस्सल पाइकवाला मूळचा कोल्हापूरचा आहे आणि बरीच वर्षं लेस्टरजवळ दातांचा डॉक्टर आहे. तोंडावर आम्ही त्यांना डॉक्टर म्हणतो. पाठीमागे पाइकवाले डॉक्टर.

पाइक आपल्याकडे नाही, म्हणून त्याची थोडी ओळख करून द्यायला हवी. युरोप, उत्तर आशिया आणि उत्तर अमेरिका एवढा त्याचा मुलूख. लिनिअसने १७५८ साली त्याचं बारसं केलं, एसॉक्स लुसिअस. लांबोडकं हिरवट अंग, त्यावर पिवळसर ठिपके, चपटं लांब तोंड, वरच्या जबड्यापेक्षा पुढे आलेला खालचा जबडा आणि पाठीवरचा पर थेट शेपटीजवळ ढकललेला. पर मागे एकवटले, की जोर मागून मिळतो. हा मासा पाठलागाच्या भानगडीत पडत नाही. पाणवनस्पतीत, बुडालेल्या फांद्यांत दबा धरून उभा राहतो आणि टप्प्यात आलेल्या माशाचा डोळ्याचं पातं लवायच्या आत निकाल लावतो. भक्ष्य आडवं धरायचं, तोंडातल्या तोंडात फिरवायचं आणि डोक्याकडून गिळायचं, ही रीत. मासे, बेडूक, पाण्याकाठचे उंदीर, बदकाची पिल्लं, काही वर्ज्य नाही. स्वतःच्या जातीची पोरंही नाहीत. घासाचा अंदाज चुकून गुदमरून मेलेले पाइक सापडलेले आहेत. जात त्यामुळे सुधारलेली नाही.

डॉक्टरांना या माशाचं वेड लागलं ते दातांपायी. पाइकच्या तोंडात दात शेकड्यांनी असतात. खालच्या जबड्यात मोठे, ताठ सुळे. टाळूवर बारीक दातांचे पट्टे. इतकंच काय, जिभेवरसुद्धा दात. टाळूवरचे दात आतल्या बाजूला कललेले आणि दाबले की लवणारे. म्हणजे आत यायला मुभा, बाहेर जायला मनाई. शिवाय पडला की त्या जागी नवा येतो, जन्मभर. "ना कीड, ना रूट कॅनल, ना कवळी!" डॉक्टर सांगताना हात जोडतात. "सगळे पेशंट असे निघाले असते तर मी उपाशी मेलो असतो. पण काय शानेत मेलो असतो!"

पाइकच्या उघड्या जबड्याचा एक मोठा फोटो त्यांनी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत लावला होता. हेतू उदात्त होता. दात कसे असावेत ते लोकांना कळावं. पण लहान मुलं दारातूनच मागे फिरायला लागली आणि रिसेप्शनवरच्या बाईंनी "तो तरी राहील नाहीतर मी तरी" असं बजावलं. फोटो घरी आला. वहिनींनी तो बैठकीत लावू दिला नाही, जेवणघरात तर नाहीच नाही. हल्ली तो गॅरेजमध्ये असतो आणि गाडी मागे घेताना आरशात दिसतो.

जमिनीवर हा माणूस अखंड बोलतो. पेशंटच्या तोंडात आरसा, कापूस आणि पाणी ओढणारी नळी असे तीन जिन्नस कोंबून हे विचारणार, "काय म्हणताय? सुट्टीत कुठे जाणार?" पेशंट घशातून आवाज काढतो, डॉक्टर त्याचा सोयीस्कर अर्थ लावतात आणि पुढचा प्रश्न टाकतात. सोमवार ते शुक्रवार हे असं चालतं. रविवारी मात्र नळी डॉक्टरांच्याच तोंडात असते. आठवड्यातला तेवढा तास ते गप्प असतात, आणि वहिनींचं म्हणणं असं, की ह्या एका कारणासाठी पाइक नावाच्या माशाचे घराण्यावर उपकार आहेत.

त्यांची पंढरी म्हणजे स्टोनी कोव्ह. लेस्टरशायरमध्ये स्टोनी स्टँटन गावाजवळची ही ग्रॅनाइटची जुनी खाण. झऱ्यांचं पाणी पहिल्यापासून छळायचं. १९५८ साली खाणकाम थांबलं आणि पाण्याने आपला हक्क बजावला. १९६०-७० च्या दशकांत उत्तर समुद्रातल्या तेलविहिरींवर जाणारे पाणबुडे इथे तयार झाले. आता हौशी लोक येतात. त्यांच्यासाठी तळाशी बऱ्याच गोष्टी मुद्दाम बुडवून ठेवल्या आहेत. व्हायकाउंट विमानाचं नाक आहे, २००० साली बुडवलेली स्टेनगार्थ नावाची पोलादी टगबोट आहे. सगळा तांडा टगबोटीकडे जातो. डॉक्टर त्या बाजूला फिरकत नाहीत. "बोट काय, बंदरातही बघता येते," म्हणतात. त्यांचा सगळा कारभार वरच्या उथळ पायरीवर, कडेकडेच्या शेवाळात.

आणि हे सगळं ऐन जानेवारीत. उन्हाळ्यात पाण्यात बारीक शेवाळ वाढतं आणि हात लांब केला तर पंजा दिसत नाही. थंडीत ते मरतं, पाणी निवळतं. फक्त तापमान पाच-सहा अंशांवर येतं. गवतावर हिम पडलेलं असताना डॉक्टर गाडीच्या डिकीपाशी एका पायावर नाचत ड्रायसूट चढवत असतात. आत थर्मल, त्याच्या आत दुसरं थर्मल, पायात वहिनींनी विणलेले लोकरी मोजे. मानेच्या रबरी गळपट्टीला पावडर लावताना ते नखशिखांत पांढरे होतात. मग जोडीदाराची तपासणी. या जोडीदाराला इकडे बडी म्हणतात, आणि तो बहुतेक वेळा मी असतो. हवेचा कॉक उघडा आहे का, वजनाचा पट्टा सुटतो का, जॅकेटात हवा भरते का, हे डॉक्टर इतक्या काळजीने बघतात की मला दर वेळी वाटतं, आता हे मला आ करायला सांगणार.

पाण्यात उतरण्याआधी सूचना होतात. त्या आम्हाला पाठ आहेत, तरी होतात. पाइकच्या अंगावर सरळ चालून जायचं नाही; तिरकं जायचं, आपण दुसऱ्याच कामाला आलोय असं दाखवत. बॅटरीचा झोत डोळ्यांत मारायचा नाही. श्वास हळू सोडायचा, बुडबुड्यांची आतषबाजी नको. पाय खालीवर झाडायचे नाहीत, बेडकाच्या चालीने बाजूला ढकलायचे. तळाचा गाळ उठला की खेळ संपला. आणि वसंतात पाइक अंडी घालायला उथळ गवतात येतात, एक दांडगी मादी आणि तिच्या मागेपुढे दोन-तीन किरकोळ नर, तेव्हा त्या बाजूला जायचंच नाही. "बाळंतिणीच्या खोलीत पाहुण्यांनी शिरू नये," हे डॉक्टरांचं वाक्य.

एकदा त्यांचा पुण्याचा मेव्हणा पाहुणा म्हणून पाण्यात आला होता. रीतसर शिकलेला, कार्ड वगैरे असलेला. पाइक दिसल्यावर त्याला इतका आनंद झाला, की त्याने डॉक्टरांना अंगठा वर करून दाखवला. पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ 'फार छान' असा नाही, 'वर चला' असा आहे, आणि वर चला म्हटल्यावर कारण न विचारता वर जायचं असतं. डॉक्टर नियमाचे पक्के. सगळे वर आले. पाणी निथळत डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?" मेव्हणा म्हणाला, "कुठे काय? मस्त होता!" या गोष्टीला बरीच वर्षं झाली. दोघं दिवाळीला फोनवर बोलतात.

पाइकच्या कुशीवरची ठिपक्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, त्यावरून एकेक मासा ओळखता येतो. संशोधक हे फोटोंवरून करतात. डॉक्टर ते दवाखान्याच्या जुन्या छापील केसपेपरवर करतात. वर नाव, मग वय अंदाजे, मागची भेट, दातांची स्थिती, तक्रार. तक्रारीच्या रकान्यात सगळीकडे 'नाही'. पुढच्या भेटीची तारीख मात्र न चुकता भरलेली. नावं सगळी देशी. एक हेडमास्तर आहे, तो कायम पोरासोरांच्या थव्याजवळ, पण थोडा दूर. एक तलाठी होता. तो कधीच जागेवर सापडायचा नाही. आणि सगळ्यांत मोठा तो सावकार, जवळजवळ मीटरभर लांब, वर्षानुवर्षं एकाच बुडालेल्या झाडापाशी बसून असलेला.

या नावावरून घरात वाद झाला. पाइकमध्ये माद्या मोठ्या वाढतात. नर बेतास बात. वहिनींनी ते कुठेतरी वाचलं आणि जेवताना म्हणाल्या, "अहो, एवढी मोठी म्हणजे बाईच असणार. सावकार काय म्हणता? सावकारीण म्हणा." डॉक्टरांनी शास्त्रापुढे मान तुकवली आणि केसपेपरवर खाडाखोड केली. मग एका वसंतानंतर तलाठी दिसेनासा झाला. शोध शोध शोधला. हेडमास्तर होता, सावकारीण होती, आणि तिचं पोट नेहमीपेक्षा जरा जड वाटत होतं. डॉक्टरांनी तिला संशयाचा फायदा दिला. तलाठ्याच्या कागदावर 'बदली' असं लिहून तो फाइलबंद केला.

या सावकारिणीसमोरचे डॉक्टर प्रत्यक्ष बघण्याजोगे असतात. झाडापासून दोन हातांवर ते पाण्यात अधांतरी थांबतात. हात छातीशी घडी घातलेले, पाय मागे दुमडलेले. समोर ती. पहिल्या नजरेला फांदीच वाटते. मग फांदीला डोळा फुटतो. सोनेरी डोळा, मधली बाहुली पुढच्या बाजूला किंचित निमुळती. डोळ्यापासून नाकाडापर्यंत एक पन्हळ, नेम धरताना नजरेआड काही येऊ नये म्हणून केलेली सोय. शरीर जागच्या जागी, पण छातीजवळचे दोन पारदर्शक पर अविरत हलत असतात आणि शेपटीची कड बारीक थरथरते. स्थिर राहायलाही केवढी मेहनत पडते ते तिथे दिसतं. कल्ला उघडतो, मिटतो. परावर एखादी बारीक जळू चिकटलेली. खालच्या जबड्याखाली बारीक भोकं असतात, पाण्यातली थरथर टिपणारी; प्रत्येक बाजूला पाच. तिच्या अमेरिकन बहिणीला, मस्केलंजला, जास्त असतात. डॉक्टर ती पाच भोकं दर वेळी बोट न लावता मोजतात. मोजणी बदलत नाही. समाधान मात्र दर वेळी नवं.

असा अर्धा तास जातो. काही होत नाही.

पाइक बघण्यातली मुख्य गोष्ट हीच आहे आणि ती कोणी आधी सांगत नाही. ज्या माशाची कीर्ती क्रूर म्हणून, चपळ म्हणून, गोड्या पाण्यातला जुलमी राजा म्हणून, तो बघायला गेलं तर तो काहीही करत नाही. भूक लागेपर्यंत उभा राहतो. थंडीत पचन मंदावलेलं असतं, भूकही उशिरा लागते. एकदा त्या बुडालेल्या झाडासमोर पट्टेवाल्या पर्च माशांची पाच-सहा पोरं आली. अगदी सावकारिणीच्या नाकासमोरून, शाळा सुटल्याच्या चालीने. तिचा डोळा वळला. एवढा एक डोळा, बाकी काही नाही. डॉक्टरांचे बुडबुडे थांबले. म्हणजे त्यांनी श्वास रोखला, जे पाण्याखाली कधीही करू नये असं ते स्वतः इतरांना बजावतात. पोरं आणखी जवळ आली. पर थरथरायचे थांबले. तिच्या अंगाला मधेच एक बाक आल्याचा भास झाला. आणि नेमक्या त्या क्षणी डॉक्टरांना नियम आठवला. त्यांनी हवेचा काटा बघितला.

मान वर केली तेव्हा सावकारीण तीन फूट पुढे उभी होती, तोंड मिटलेलं. पोरं पाचाची चार झाली असावीत. तळाचा थोडा गाळ उठला होता आणि दोन-तीन खवले चकाकत, गिरक्या घेत खाली येत होते. मी तरी बघितलं असेल म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे वळून दोन्ही तळवे जबड्यासारखे मिटून दाखवले. मी डॉक्टरांकडे बघत होतो.

इतकी वर्षं पाइकसमोर काढलेल्या या माणसाने पाइकला शिकार करताना एकदाही पाहिलेलं नाही. दर वेळी काहीतरी होतं. मुखवट्यात पाणी शिरतं, दुसरा कोणी गाळ उडवत जातो, नाहीतर हवेचा काटा आडवा येतो. वहिनींना यात काही नवल वाटत नाही. "गॅसवर दूध ठेवलंय, बघा म्हटलं तरी हेच होतं," त्या म्हणतात. "समोर उभे असतात. दूध बरोबर हे वळल्यावर उतू जातं."

गळ टाकणाऱ्यांशी डॉक्टरांचं पटत नाही ते इथे. गळवाल्याचा मासा सांगितल्या गणिक वाढतो. इतिहासातला सर्वांत मोठा पाइक असाच वाढला. १४९७ साली जर्मनीत हाइलब्रॉनजवळ १९ फुटी पाइक पकडला म्हणे. त्याच्या अंगात एक कडं, आणि कड्यावर कोरलेलं, की सम्राट फ्रेडरिक दुसरा याने मला १२३० साली तळ्यात सोडलं. म्हणजे माशाचं वय २६७. त्याचा सांगाडा मानहाइमच्या चर्चमध्ये ठेवला होता आणि लोक बघून थक्क होत. पुढे एका शरीरशास्त्रज्ञाने मणके मोजले, तर ते एका माशाचे नव्हतेच. लांबी यावी म्हणून जादाचे जोडले होते. डॉक्टर ही गोष्ट सांगताना डोळे मिचकावतात. "मधे ब्रिज बसवला होता रे. आणि काम काही वाईट नव्हतं!" काट्यावर तोललेला, आंतरराष्ट्रीय मान्यता मिळालेला विक्रमी पाइक आहे १९८६ सालचा, तोही जर्मनीतलाच, आणि वजन २५ किलो. त्याच्यापुढची सगळी वजनं गळवाल्यांच्या दंडात.

वास्तविक थाप मारायची सोय पाणबुड्याला जास्त. मुखवट्याच्या काचेतून पाण्यात बघितलं की प्रकाश वाकतो. वस्तू एक चतुर्थांश जवळ आणि एक तृतीयांश मोठी दिसते. निसर्गानेच दिलेली सूट आहे ही. पण डॉक्टर ती घेत नाहीत. चार फूट दिसला की कागदावर तीन लिहितात. वहिनींना तोही आकडा जास्त वाटतो. त्यांच्या मते प्रकाशाखेरीज आणखीही काहीतरी वाकतं.

डॉक्टर एरवी कुणावर चिडत नाहीत, आयझॅक वॉल्टनवरसुद्धा नाही. त्याने १६५३ च्या पुस्तकात काही पाइक पाणवनस्पतीतूनच उपजतात असं लिहून ठेवलंय. "तेव्हा भिंगं कुठे होती बिचाऱ्याकडे," म्हणून ते सोडून देतात. पण पुण्याच्या भाच्यावर एकदा चिडले. भाचा कंपन्यांमध्ये जाऊन लोकांना प्रेरणा देतो. त्याच्या भाषणात पाइकची एक गोष्ट आहे. हौदात मधे काच. एका बाजूला पाइक, दुसऱ्या बाजूला छोटे मासे. पाइक धडका मारून मारून थांबतो. मग काच काढतात, तरी तो त्या माशांच्या वाटेला जात नाही. हा प्रयोग खराच आहे. कार्ल म्योबिअस या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८७३ साली तो नोंदवला. भाच्याचं तात्पर्य असं, की आपणही मनातली काच फोडली पाहिजे. डॉक्टर घास हातातच धरून म्हणाले, "अरे, काच घातली कुणी? आणि नाक कुणाचं ठेचलं? एकदा ठेच लागल्यावर जो शहाणा होतो त्याला तू लोकांपुढे मूर्ख ठरवतोस, आणि वर फी घेतोस!" भाच्याने व्याख्यानात आता पाइकऐवजी गरुड घेतलाय.

डॉक्टरांच्या आई कोल्हापूरहून आल्या होत्या तेव्हाची त्या दोघांची बोलाचाली मला कायमची लक्षात राहिली आहे. लेक ओल्या केसांनी, निळ्या ओठांनी घरात आला. आईंनी हातात चहा दिला आणि विचारलं, "मासा मिळाला?"

"पकडायचा नसतो आई. बघायचा असतो."

"बरं. पन खायाला कसा लागतो?"

"इथे फारसं कोणी खात नाही. फ्रान्समध्ये वाटून त्याचे गोळे करतात. काटे फार असतात, दुहेरी फाट्याचे."

"मग आपली मरळ बरी. काटा कमी." आईंनी पाइकचा निकाल लावला. "आन् बघून काय करतोस?"

"काही नाही. बघतो."

"आन् त्यो काय करतो?"

"तोही बघतो."

आईंनी थोडा वेळ विचार केला. मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "पगार येतोय न्हवं येळच्या येळी? मग बघू दे."

हा निवाडा मला मान्य आहे, फक्त त्याला माझी एक पुस्ती जोडतो. आमच्या ओळखीत सर्व विषयांचे जाणकार आहेत. कुणी वाघाची झेप पाहिली आहे, कुणी शेअरबाजार पडण्याच्या आदल्या दिवशी पाहिला आहे, कुणी व्हेल पाहिली आणि व्हेलनेही त्यांना पाहिलं. सगळ्यांनी सगळं पाहिलेलं असतं. ज्या एका गोष्टीसाठी आयुष्यातले रविवार घातले, ती आपण अजून पाहिलेली नाही, असं खुशाल सांगणारा माणूस मला हा एकच भेटला. "झेप कशी असते, डॉक्टर?" असं कुणी विचारलं, की ते म्हणतात, "सांगतात की जबरदस्त असते." आणि सावकारिणीच्या जबड्याखालची पाच भोकं कागदावर काढून दाखवायला लागतात. त्या भोकांबद्दल त्यांचा शब्द मी कुठल्याही पुस्तकाच्या वर मानतो.

तेव्हा असा एखादा पाइकवाला तुम्हाला भेटला आणि त्याने बोलावलं, तर जा. मोज्यांचे दोन जोड घाला, पाय हळू हलवा, त्याच्या थोडं मागे राहा आणि काही झालं तरी अंगठा दाखवू नका. वर आल्यावर "मग काय झालं?" हा प्रश्न तेवढा टाळा. "तोंड कुठल्या बाजूला होतं?" असं विचारा. उत्तर अर्धा तास चालतं, आणि चहाचे पैसे तोच देतो.